न हुंगता काढलेलं नारिंगाचं अत्तर

मी अत्तराच्या भट्टीवर काम केलंय असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे गुलाबाचं?" नाही. आमच्या नळदुर्गच्या भट्टीवर गुलाब कधी आला नाही. आमचा सगळा धंदा आंबट झाडांवर चाले: नारिंग, कागदी लिंबू आणि थोडंफार महाळुंग. निजामाच्या राज्यातली, लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतली ही गोष्ट आहे. हल्ली मी धाराशिवला एका वसतिगृहाचं कोठार सांभाळते. तिथं वास येतो तो डाळीचा आणि फिनेलचा. संपादकांनी व्यवसायाविषयी लिहायला सांगितलं तेव्हा डाळीवर पानं भरणार नाहीत हे लगेच ध्यानात आलं, म्हणून भट्टीवर लिहिते आहे.

माझं माहेर सोलापूर, म्हणजे तेव्हाची इंग्रजी हद्द. मराठी सातवी झाले आणि लग्न होऊन नळदुर्गला आले. घरचे, म्हणजे माझे यजमान, शाळेत मास्तर. भट्टीचे मालक चाँदचाचा. त्यांना फुलं तोलून घ्यायला आणि सरपणापासून चंदनतेलापर्यंत सगळ्याची नोंद ठेवायला माणूस हवं होतं. फुलं आणणाऱ्या सगळ्या बायका, तेव्हा बाईच बरी, असं त्यांच्या बायकोनं, खातूनचाचींनी ठरवलं. मी भेटायला गेले तर चाचींनी मला काही विचारलंच नाही. माझी पिशवी उघडून बघितली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "हिलाच ठेवा. पिशवीत सुई, दोरा न् सुतळी तिन्ही हाय."

आधी धंदा समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

नारिंग म्हणजे संत्र्याचं आंबट, कडवट भावंड. फळ लोणच्यापलीकडं फारसं कामाचं नाही. पण त्या एका झाडातून तीन वेगळे वास निघतात. फुलातून निघतं ते अत्तर. पाल्यातून आणि कोवळ्या काड्यांतून निघतं ते पाल्याचं तेल. ते हिरवट, जरा उग्र, साबणवाले नेतात. सालीचं तेल विस्तवावर न चढवता साल दाबून काढायचं, कारण आच लागली की त्याचा ताजेपणा गेला. कागदी लिंबाचं मात्र उलटं. लिंबं ठेचून उकळलेलीच चालतात, शरबतवाले तेच मागतात.

उकळण्याचं भांडं म्हणजे देग, तांब्याचा मोठा हंडा. त्यात फुलं आणि पाणी घालायचं, झाकण बसवायचं आणि फट कापूस आणि चिकणमातीनं लिंपायची. झाकणातून बांबूची नळी निघते ती खाली गार पाण्याच्या हौदात ठेवलेल्या, लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यात जाते. त्याला भपका म्हणतात. भपक्यात आधीच चंदनाचं तेल घातलेलं असतं. वाफ येते, गार होते, तिचं पाणी होऊन तळाला बसतं आणि फुलाचा वास चंदनात मुरतो. ते पाणी काढून परत देगेत ओतायचं, दुसऱ्या दिवशी ताजी फुलं भरायची, भपक्यातलं तेल मात्र तेच. अशा एकामागून एक भरत्या. भरत्या किती, हे नाक ठरवतं. कमी पडल्या तर नुसतं चंदन बोलतं. जास्त झाल्या तर अत्तराला उकडलेल्या भाजीचा वास मारतो.

चंदन कशाला, तर आंबट झाडांचा वास फार घाईचा. दारातून हाक मारून पुढं निघून जाणाऱ्या माणसासारखा तो सगळ्यात आधी नाकाला भेटतो आणि सगळ्यात आधी जातो. अत्तरं मिसळणारे म्हणून त्याला सुरुवातीला ठेवतात, मागून फुलं आणि तळाला चंदन. नारिंगाचं फूल मात्र चंदनाला धरून थोडं थांबतं. हैदराबादचे अत्तरवाले त्यावर जीव टाकत ते त्यासाठीच.

फुलं बोरी नदीकाठच्या मळ्यांतून येत. पहाटे झाडाखाली धोतर पसरायचं, फांदी हलकेच हलवायची आणि पडेल तेवढंच घ्यायचं. ओढून तोडलं की मळेवाल्याचं फळ गेलं आणि पुढच्या वर्षी मळा बंद. आमचा भट्टीवाला सटवामामा पाट्या उलटून देठ तपासायचा. ताजा तोडलेला देठ दिसला की म्हणायचा, "माय, हे पडलंय व्हय? का तू पाडलंय?"

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका जहागीरदाराचा माणूस येई. साहेबांना लिंबाचा वास हवा, पण शरबतासारखा नको. चाची आतून म्हणायच्या, "मग साहेबांना सांगा, साखर घालू नका." एक पैलवान पाल्याचं तेल अंगाला चोळून फडात उतरला. समोरच्याच्या डोळ्यांना झोंबलं, कुस्ती मोडली, शिव्या आम्ही खाल्ल्या. आठवड्यानं तो समोरचाच पैलवान तेल मागायला आला. मी दिलं नाही. सोलापूरकडं माल न्यायचा तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात द्यावी लागे. तिथला कारकून प्रत्येक डबा उघडून तपासणी म्हणून बोट बुडवायचा आणि ते मिशांना पुसायचा. हंगामभर त्या माणसाच्या मिशा लिंबाच्या.

आता ज्या हंगामासाठी हे लिहायला घेतलं त्याकडं येते.

चाँदचाचा गेले ते नेमके नारिंगाला कळी धरली तेव्हा. ताप आला आणि आठवडा काढला नाही. त्यांच्यात नवरा गेला की बाई चार महिने दहा दिवस इद्दत पाळते. घर सोडायचं नाही, परपुरुषासमोर यायचं नाही, नटायचं नाही, सुगंध लावायचा नाही. ही शेवटची अट दुसऱ्या घरी कुणाला जाणवलीही नसती. आमच्याकडं ती नेमकी भट्टीवर येऊन बसली. चाचा विस्तव, तांबं आणि माणसं सांभाळत, पण नाक चाचींचं होतं. रोज संध्याकाळी भट्टी शांत झाली की चाचा घरात जात. चाची त्यांच्या मनगटावर एक थेंब लावून हुंगत, सकाळी पुन्हा तेच मनगट हुंगत आणि हुकूम सुटे: "आजून घाला" किंवा "बास."

चाचांचे धाकटे भाऊ गफूरमियाँ. बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, आणि तीन देगांमध्ये निम्मा हिस्सा. ते ओसरीवर येऊन पडद्याबाहेर बसले. मी आत चाचींजवळ होते.

"भाभी, लढाईमुळं तांब्याला आज जो भाव हाय तो पुन्हा यायचा न्हाय. तिन्ही देगा मोडीत काढू. तुमचा हिस्सा तुमच्या हातात देतो."

"देगा गेल्यावर मी काय करू, गफूर?"

"बसा की निवांत. मी हाय न्हवं?"

"तू हाईस रे. पण तुझ्या बायकोच्या चुलीवर मी किती दिवस भाकर मागू?"

गफूरमियाँ माणूस वाईट नव्हता. नाक नसलेली भट्टी चालवून हंगामाचं चंदनतेल वाया घालवायचं, मग भावही गेलेला असायचा आणि तेलही, अशी त्यांना साधी भीती होती. शेवटी म्हणाले, "ठीक हाय. ह्या हंगामाचा माल हैदराबादच्या सेठनं पसंत केला तर देगा ऱ्हातील. परत पाठवला तर मी तांबटाला बोलावणार. मग रडायचं न्हाय."

"मी रडले का अजून?" चाची म्हणाल्या.

इद्दतीत चाचींना अत्तर हुंगता येईल का, हे विचारायला मी घरच्यांना मौलवीसाहेबांकडं पाठवलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की लावणं तर नाहीच, पण अत्तर निघत असताना तिथं बसणं, ते हाताळणंही टाळावं, पोटाचा धंदा असला तरी. दुसरा कुणी जाणकार वेगळं सांगेल, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मी लगेच पुढची व्यवस्था सुचवली. "चाची, धाराशिवच्या मौलवींना विचारू. तुळजापूरचे आहेत, तेही आहेत."

"नक्को. कुणी हौ म्हटलं तरी मला वास न्हाय घ्यायचा," चाची म्हणाल्या. "हंगामाचा पयला थेंब मी त्यांच्या मनगटावर हुंगायची. आता काय भिंतीला लावून हुंगू?"

मी मनातल्या यादीतली दोन्ही मौलवींची नावं खोडली. मग त्याच म्हणाल्या, "तुझं नाक वापरू."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"न्हाय कळत तेच बरं. कळतंय म्हणणाऱ्याचं नाक लबाड असतंय. तुला जेवढं येईल तेवढं सांग, वर एक अक्षर न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं, डोळे मिटायला लावले आणि एकेक वस्तू नाकाखाली धरली. मध. नव्या माठाचा कोरडा तुकडा, मग तोच ओला. कैरीची साल. काकडीचा देठ. उकडलेली मेथी. तळाला लागलेलं दूध. अत्तर कसकसं बदलत जातं ते त्यांनी अत्तराचा थेंबही न आणता चुलीपुढं मांडलं. मध म्हणजे फूल बोलतंय. कोरडा माठ म्हणजे चंदन अजून रिकामं आहे, ओला माठ म्हणजे भरत आलं. कैरी किंवा काकडीचा देठ म्हणजे फुलांत पाला, देठ शिरलाय. मेथी म्हणजे थांबा. लागलेलं दूध म्हणजे सटवाला शिव्या घाला, आच जास्त झाली. मी अर्थातच याची यादी केली. चाचींनी ती माझ्या हातातून घेऊन चुलीत घातली. "कागद हुंगत न्हाय, पोरी."

मग रोजचा क्रम लागला. केसाला तेल नाही, सकाळी घरात फोडणी नाही. घरच्यांनी तो हंगाम दूध-भाकरीवर काढला. भट्टीवर जायचं, सटवामामा कापसाचा फाया भपक्यात बुडवून देई तो हुंगायचा. मग मातीनं हात घासायचे, भट्टीवरचं लुगडं तिथंच सोडून दुसरं नेसायचं, आणि मगच चाचींच्या घरात पाऊल. अंगावरून वाससुद्धा आत यायला नको, हा त्यांचा नियम होता.

"सांग."

"मध आहे. मागं माठ."

"ओला का कोरडा?"

"कोरडा."

"सटवाला इचार, झाकणाची माती तडकली का. न् भपक्यावर हात फिरवल्यावर ऊब कुठवर लागती."

मी परत जायची, विचारायची, परत यायची. सटवामामा म्हणायचा, "मास्तरीणबाई, ह्यापेक्षा बीबीलाच खाटंवर बसवून आणू की इथं." पण उत्तर बरोबर द्यायचा. तो भपक्यावर तळहात ठेवी आणि ऊब कुठं संपते त्यावरून आत किती भरलंय ते सांगे. चाची डोळे मिटून ऐकत. मधूनच म्हणत, "आज फुलं उशिरा आली. दव वाळलं होतं." तेही बरोबर निघे.

असं चालू होतं, माठ कोरड्याचा ओला व्हायला लागला होता, आणि एका दुपारी गारा पडल्या.

गारा थांबल्यावर मी मळ्यात गेले. झाडाखाली फुलांचा खच होता, कडा तपकिरी पडायला लागलेल्या. सटवामामा म्हणाला, "फुलं ढीगभर हायती. फांदी हलवायचं बी काम न्हाय. भरू." मी चाचींना दिसलं तसं सांगितलं.

"मार खाल्लेलं फूल देगेत घातलं तर सगळं तेल रडवील," त्या म्हणाल्या. "एक बी भरायचं न्हाय."

गफूरमियाँ ओसरीवरच होते. "मग संपलं म्हणा की."

चाची माझ्याकडं वळल्या. मला विचारलं, "चंदन भरलं का?"

"नाही. माठ ओला आहे, पण मध पातळ आहे."

"झाडं उभी हायेत?"

"आहेत. पाला फाटलाय. पण शेंड्यांना कोवळी पालवी सुटते आहे."

"मग पालवी जरा वाढू दे. दोन भरत्या तिच्या घाला. निव्वळ शेंडा. मोठं पान एक दिसलं तर मी इद्दत मोडून बाहेर यीन म्हणावं."

सटवामामानं हा निरोप ऐकून डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "पाला? पाला साबणाला जातोय बाई. अत्तरात पाला म्हंजे शालूला गोणपाटाची किनार. बीबीला सांगा, मी करीन, पण माझं मन न्हाय."

चाचींचं उत्तर मी नेऊन पोचवलं: "मन नको म्हणावं. आच मंद ठेव."

पालवी हातभर वाढायची वाट बघता येत नव्हती. शेंडे बोटभर झाले तसे खुडले. बायका खुडत होत्या, मी एकेक पाटी उलटून मोठं पान काढत होते. संध्याकाळी भरती उतरली. मी फाया हुंगला आणि मातीनं हात घासले. लुगडं बदलून घरात गेले.

"सांग."

"कैरीची साल. खूप."

"न् मध?"

"मध नाही."

"थोडा बी न्हाय?"

खोटं सांगायचा मोह झाला नाही असं नाही. पण वर एक अक्षर नाही असं ठरलं होतं. "नाही, चाची. गेला."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "सकाळी उठल्याबरोबर जा. चूळ भर, खायचं काई न्हाय. तोच फाया हुंग. नवा न्हाय बुडवायचा."

सकाळी गेले. फाया रात्रभर खुंटीला टांगलेला होता. हुंगला, आणि पुन्हा हुंगला. मग लुगडं बदलायचंही विसरून धावले आणि दारातूनच ओरडले, "आला! मध आला परत. कैरीच्या मागं उभा आहे!"

"तिथंच थांब," चाची आतून ओरडल्या. "वास घेऊन आत येऊ नको. माठ?"

"ओला. चांगला ओला."

"बास. उतरवा."

"पण तुम्ही दोन भरत्या म्हणाला होतात."

"म्हणाले होते. आता बास म्हणते."

अत्तर आम्ही चामड्याच्या कुप्प्यांत भरत असू. चामड्यातून राहिलेलं पाणी उडून जातं आणि तेल आत राहतं. चैत्र सरता सरता हैदराबादच्या सेठचे मुन्शी माल न्यायला आले. त्यांनी फाया कानामागं खोचला, चहा प्यायले, पान खाल्लं, बाहेर जाऊन फाटकाशी उभे राहिले, मग परत येऊन तोच फाया हुंगला. इतक्या वेळात मी कोठीतली सगळी भांडी एकदा लावून पुन्हा लावली.

"इत्ते ओले पड़े, फिर भी फूलां मिल गए तुमको?" गारांचं मुन्शींच्याही कानावर आलं होतं.

"नाही मिळाली. शेवटची भरती कोवळ्या पाल्याची आहे. चाचींनी सांगायला सांगितलंय."

मुन्शी माझ्याकडं वळले. "नहीं बोलते तो मैं फूलां समझ के लेके जाता था।"

"म्हणूनच सांगितलं."

"बीबी ने सूँघे क्या?"

"नाही. त्या इद्दतीत आहेत."

"बगैर सूँघे उतारे?" त्यांनी फाया कानामागून काढला, त्याच्याकडं बघितलं आणि रुमालात बांधून खिशात ठेवला. "मैं लेके जातूँ। पसंद-नापसंद सेठ जाने।"

सेठशी आमचा एक रिवाज होता. माल पसंत पडला तर पुढच्या हंगामासाठी त्यांचे रिकामे कुप्पे मोटारीनं येत. पसंत नसला तर आपलेच भरलेले परत. चिठ्ठीचपाटी काही नाही. त्यामुळं नंतरचे दिवस हैदराबादहून येणारी मोटार बघण्यात गेले. मी रोज जायची. दोन-तीनदा गफूरमियाँही आले. तांबटाला त्यांनी बाजाराच्या दिवशी यायला सांगूनच ठेवलं होतं.

बाजाराच्याच दिवशी पेटी आली. क्लीनरनं टपावरून दोर सोडला आणि पेटी खाली दिली. गफूरमियाँनी ती झेलायला दोन्ही पाय रोवले, कंबर वाकवली, आणि पेटी हातात आल्यावर मागं झोकांडी खाऊन माझ्यावर आदळले. भरलेल्या कुप्प्यांच्या वजनाची तयारी करून ते उभे होते. पेटीत हवा होती.

"हलकी हाय," ते म्हणाले. मग खाली ठेवून स्वतःच उघडली. सगळे कुप्पे रिकामे, एकात एक दाबून बसवलेले. त्यांनी एकेक हलवून बघितला. मग पेटीपाशीच उकिडवे बसून म्हणाले, "आता त्या तांबटाला काय सांगू?"

"आलेच आहेत तर लिंबाच्या देगेला कल्हई करून जा म्हणावं," मी म्हटलं. "आतून उडाली आहे."

गफूरमियाँ हसले. शब्दाला जागले. त्यांनी देगांचं नाव पुन्हा काढलं नाही, आणि कल्हईही त्यांनीच स्वतःच्या दुकानाच्या खर्चात करवून दिली.

ती भट्टी पुढं राज्य बदलल्यावरही काही वर्षं चालली. मग बाटलीतले रसायनी वास आले. पैशाला पासरी झाले, आणि नारिंगाचे मळे उसाचे झाले. मला रुखरुख आहे ती एवढीच, की चाचींनी माझ्या नाकाला जे शिकवलं ते मी पुढं कुणाला शिकवलं नाही. यादी करून ठेवण्यासारखं ते नव्हतं, आणि यादीशिवाय शिकवायची मला सवय नव्हती.

इद्दत पुरी झाली तेव्हा पाऊसकाळ होता, लिंबांचा हंगाम. चाची सकाळीच भट्टीवर आल्या. मी त्या अत्तरातलं थोडं राखून ठेवलं होतं. फाया त्यांच्या हातात दिला. सटवामामा पागोटं सारखं करून उभा राहिला. चाचींनी फाया लगेच नाकाशी नेला नाही. बोटांत धरून जरा वेळ हौदाकडं बघत बसल्या. मग हुंगला. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसले नाहीत. पुन्हा हुंगला, आणि कपाळावर बारीक आठी पडली.

"पाला लई झालाय."

"मी म्हणलंच हुतं," सटवामामा म्हणाला.

"सेठना पसंत पडलं, चाची," मी म्हटलं.

"पडू दे. त्याला काय कळतंय?" असं म्हणून त्यांनी तो फाया पदराच्या गाठीत बांधला. मग उठल्या, देगेत डोकावल्या. ठेचलेली लिंबं भरून तयार होती, आणि आम्ही दोघं हात जोडल्यासारखे नुसते उभे होतो.

"मग झाकण लावा की," चाची म्हणाल्या. "वाफ काय माझ्या तोंडाकडं बघत थांबणार हाय?"